दाबायला परवानगी, उलगडायला मनाई

रेडिओ सान इलारिओचे संचालक ओरेस्तेस पाल्मेरो यांचा आयुष्यात पहिल्यांदाच कशाततरी पहिला नंबर आला होता. तो नेमका कशात आला हे त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं, पण पहिला नंबर आलेला माणूस विषय विचारत बसत नाही. सकाळी सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन (कॉफी कसली, भाजलेल्या वाटाण्यांना कॉफीचा वास दाखवलेला) त्यांनी सगळ्या स्टेशनभर फेरी मारली आणि दिसेल त्याला गाठून सांगितलं, "ब्याण्णव टक्के! माझी भाषणं ब्याण्णव टक्के!"

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तंत्रज्ञ योएल्किस वायरींच्या गुंत्यात बसला होता. तो म्हणाला, "अभिनंदन, कॉम्रेड. ब्याण्णव टक्के काय?"

"बचत!"

"वा! म्हणजे भाषणात ऐवज आठच टक्के."

"बरोब्बर!" पाल्मेरो म्हणाले, आणि खूश होऊन पुढच्या खोलीत गेले.

या सगळ्याचं खापर फोडायचंच तर ते ओदाल्मिस रोंदोनच्या डोक्यावर फोडावं लागेल. ओदाल्मिस स्टेशनची वेबसाइट सांभाळायची. प्रांताच्या कार्यालयातून फर्मान आलं होतं, की सर्व्हरवरची जागा संपत आली आहे, तेव्हा प्रत्येक केंद्राने काटकसर करावी आणि काटकसरीची स्पर्धा लावावी. आमच्याकडे स्पर्धा कशाचीही लागते. ऊस कुणी जास्त तोडला, रक्त कुणी जास्त दिलं, सभेला कोण न झोपता बसलं. भिंतीवर फळा लागतो, फळ्यावर टक्के लागतात, आणि वर्षाच्या शेवटी पहिल्या आलेल्याला मानपत्र आणि फार नशीब असेल तर वीज गेल्यावरही फिरणारा पंखा मिळतो.

स्टेशनात कागद नावाची वस्तू उरली नव्हती. बातम्या, मालिकांच्या संहिता, संचालकांची भाषणं, सगळं टाइप होऊन प्रांताच्या सर्व्हरवर आमच्या वाट्याला आलेल्या कोनाड्यात जाऊन पडायचं, आणि नटनट्या स्टुडिओतल्या पडद्यावर बघून वाचायच्या. ओदाल्मिसने त्यावर सोपा उपाय काढला. साइट पीएचपीत लिहिलेली होती. वेबच्या पानांमागे राबणाऱ्या या भाषेला हुशार पोरं नावं ठेवतात आणि पगार मात्र तिच्याच जिवावर घेतात. तिच्यात मजकूर दाबून लहान करणारं एक फंक्शन तयारच असतं, आणि दाबलेलं पुन्हा उलगडणारं त्याचं भावंडही असतं. मजकूर आत जाताना दाबायचा, पडद्यावर येताना उलगडायचा. नेहमीच्या अक्षरांना आखूड खुणा देऊन थोडीफार बचत सगळ्यांचीच होते, पण यंत्राची खरी युक्ती शाळकरी पोराची आहे. एखादे शब्द आधी येऊन गेले असतील तर ते पुन्हा लिहायचे नाहीत, 'वरीलप्रमाणे' अशी खूण करायची आणि पुढे सरकायचं. जितकं वरीलप्रमाणे जास्त, तितकी बचत जास्त.

इथवर सगळं ठीक होतं. पण स्पर्धा म्हटल्यावर फळा हवाच, म्हणून तिने साइटच्या आतल्या पानावर फळाही करून टाकला. कुणाचा मजकूर किती टक्के दाबला गेला, नावानिशी. कुणी सांगितलं नव्हतं. हात शिवशिवतात माणसाचे.

फळ्यावर सगळ्यात वर होते पाल्मेरो. सगळ्यात खाली होता फिलिबेर्तो मांदुले, सत्तेचाळीस टक्क्यांवर. फिलिबेर्तो म्हणजे साठी उलटलेला, काटकुळा, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला लेखक. रोज संध्याकाळी साडेसातला त्याची 'अंपारो' लागायची, आणि साडेसात ते आठ सान इलारिओत कुणी मरायलाही टेकत नसे. वीज असो नसो, गल्लीत कुणीतरी बॅटरीचा रेडिओ उंबऱ्यावर आणून ठेवायचं आणि दहा घरं तिथे गोळा व्हायची. डोंगरातून खेचरांवर कॉफीची पोती उतरवणारी ही अंपारो गावाला आपल्या मावशीबहिणीपेक्षा जास्त माहीत होती.

पाल्मेरोंनी ओदाल्मिसला खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर फळ्याचं पान उघडं होतं.

"ओदाल्मिस, हे दाबायचे म्हणे नंबर असतात?"

"एक ते नऊ, कॉम्रेड. आपण नऊवरच ठेवलंय. सगळ्यात घट्ट."

"दहा नाही?"

"नसतो दहा."

"कुणी मागितलाय का कधी? मागून तर बघ." ते खुर्चीत मागे रेलले. "बरं, आणि दाबल्यावर मूळ प्रती कशाला ठेवल्यास? एकाच गोष्टीच्या दोन-दोन प्रती म्हणजे निव्वळ उधळपट्टी. पुसून टाक. आता मुद्द्याचं. हा मांदुले. सत्तेचाळीस! अगं, हा माणूस देशाची जागा खातोय बसून."

ओदाल्मिस म्हणाली, "कॉम्रेड, ते आकडे तसे नसतात. कोण किती काटकसरी ते त्यातून कळत नाही. मजकुरात काय काय पुन्हा पुन्हा येतं तेवढंच कळतं."

"म्हणजे?"

"म्हणजे एकदा बोललेलं परत बोललं की यंत्राला ते साठवावं लागत नाही."

"आणि माझं साठवावं लागत नाही."

"फारसं नाही."

"बघ!" पाल्मेरोंनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात सातत्य! मी वारा येईल तसा फिरणारा माणूस नाही. पहिल्या ओळीत जे म्हणतो तेच शेवटच्या ओळीत म्हणतो. यंत्राला कळलं, माणसांना कळत नाही."

अशा वेळी खरं बोलणाऱ्याची बदली सिमेंटच्या गोदामात होते, आणि तिथे मोजायला सिमेंटही नसतं. ओदाल्मिसने मान डोलावली. पाल्मेरोंनी तिथल्या तिथे फर्मान काढलं: मांदुले यांनी महिनाअखेरीपर्यंत ऐंशी टक्के गाठावेत, अन्यथा 'अंपारो' बंद.

घरी तिची आई सोराइदा पाय सुजल्यामुळे दिवसभर दारातल्या डोलखुर्चीत असायची. डोळ्यांनी दिसणं कमी झालं होतं, जिभेचं काही कमी झालं नव्हतं.

"बंद? कशापायी बंद?" आईने विचारलं.

"टक्के कमी पडले."

"कसले टक्के? डोळ्यांतून पाणी काढायचे? माझ्याकडून शंभर लिहून घे म्हणावं."

"आई, तो एक फळा आहे. त्यावर—"

"कुणी केला फळा?"

ओदाल्मिस खिडकी लावायला उठली.

"वाटलंच मला," सोराइदा म्हणाली. "लहानपणी घड्याळ उघडून बसायचीस, परत लावायचं कधी जमलं नाही. तेव्हा घड्याळ होतं, आता माझी अंपारो आहे. हे बघ, मला या खुर्चीत बसून दिवसभर काय मिळतं? शेजारणीच्या नवऱ्याचा खोकला. साडेसातला ती बाई डोंगर उतरते तेव्हा मीही उतरते तिच्याबरोबर, या अशा पायांनी. तू केलेलं तूच निस्तर."

आईचं बोलणं ओदाल्मिसला फार लागलं. लागणारच. खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती फिलिबेर्तोकडे गेली. तो स्टेशनच्या मागच्या आंब्याखाली बसून चष्म्याची दोरी चघळत होता. तिने त्याला सगळं समजावलं आणि मग हळूच युक्ती सांगितली. "थोडंसं पुन्हा पुन्हा लिहा ना. दर भागाच्या सुरुवातीला आदल्या भागाची दोन पानं घाला. अंपारोला प्रत्येक वाक्याआधी 'देवा रे देवा' म्हणू दे. यंत्र खूश, पाल्मेरो खूश."

फिलिबेर्तोने दोरी तोंडातून काढली. "पोरी, माझी बायको मला सोडून गेली तेव्हा दारात उभं राहून काय म्हणाली माहितीये? म्हणाली, फिलिबेर्तो, तुझं माझ्यावर प्रेम आहे हे तू मला एकदाच सांगितलंस. मी म्हटलं, त्यानंतर काही बदललं नाही, म्हणून परत सांगितलं नाही. गेली. जी गोष्ट बायकोसाठी जमली नाही, ती आता टक्क्यांसाठी करू?"

त्याने केली नाहीच. उलट भयंकर चिडला. रोज सकाळपासून स्टेशनातल्या एका यंत्रापुढे ठाण मांडून त्याने 'अंपारो'चे उरलेले सगळे भाग लिहून काढले, अगदी शेवटापर्यंत. बंद करायची तर निदान गोष्ट पुरी करून बंद करा, असं म्हणून ते साइटवर चढवले आणि वर डोंगरात भावाच्या शेतावर निघून गेला. तिथे फोनला रेंज नाही आणि त्याला हवीही नव्हती. भाग वर चढल्याबरोबर दाबले गेले आणि मूळ प्रती संचालकांच्या आज्ञेनुसार पुसल्या गेल्या. काटकसर.

महिना संपायच्या आत प्रांताहून पाहणीला कॉम्रेड नेरेइदा येणार असं कळलं. काटकसरीत सान इलारिओ अख्ख्या प्रांतात पुढे होतं. हा चमत्कार त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. स्टेशनात रंगरंगोटी सुरू झाली. पाल्मेरोंनी ओदाल्मिसला सांगितलं, "दाबलेलं उलगडतं कसं ते भिंतीवर मोठं करून दाखव. माझ्या भाषणावरच दाखव. लाजू नकोस."

ओदाल्मिस नाही लाजली. तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. तयार फंक्शन मजकूर एकदम उलगडून समोर ठेवतं, त्यात कुठे काय घडलं ते दिसत नाही. म्हणून तिने उलगडणारं फंक्शन स्वतःच पीएचपीत पहिल्यापासून लिहून काढलं, अक्षर अक्षर उलगडत जाणारं. नव्याने आलेला शब्द काळा दिसेल, आणि 'वरीलप्रमाणे' म्हणून आलेला करडा. घड्याळ उघडून परत लावायला ती अखेर शिकली होती, असं म्हणू.

नेरेइदा आल्या. रुंद, घामेजलेल्या, हातात पंखा. स्टेशनातली सगळी मंडळी खुर्च्यांवर दाटीवाटीने बसली. दिवे घालवले, भिंतीवर पाल्मेरोंचं ताजं भाषण उमटलं. पहिला परिच्छेद काळाभोर आला. पाल्मेरोंनी मान डोलावली. दुसरा निम्मा करडा आला. तिसऱ्यापासून पुढे जे करडं सुरू झालं ते पानांमागून पानं करडंच. त्यात कुठेतरी चुकून एखादा काळा शब्द.

"हा करडा रंग कशाचा?" नेरेइदांनी विचारलं.

"आधी बोलून झालेलं, कॉम्रेड. पुन्हा आलेलं. काळं तेवढं नवीन."

नेरेइदा डोळे बारीक करून काळे शब्द मोठ्याने वाचू लागल्या. "उकाडा... डुक्कर... गुरुवारऐवजी शुक्रवारी... माझा पंखा." त्या थांबल्या. "संपलं?"

"संपलं."

मागच्या रांगेतून योएल्किस म्हणाला, "डुकराचं मात्र नवीन होतं हं. मी त्या वेळी जागा झालो होतो." खोलीत खसखस पिकली. मग ओदाल्मिसने 'अंपारो'चा एक जुना भाग लावला. भिंत काळ्या अक्षरांनी भरून गेली. करडं म्हणाल तर माणसांची नावं, आणि एक उसासा. सगळे वाचत बसले. स्वतः नेरेइदाही वाचत होत्या, पंखा थांबवून.

आता पाल्मेरो पडतील असं सगळ्यांना वाटलं. पण माणूस संचालकपदावर उगाच टिकत नाही. ते उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "कॉम्रेड नेरेइदा, मी लिहायला कुठे शिकलो? मी साध्या घरातला माणूस. प्रांताच्या परिपत्रकांवरून शिकलो, ओळ अन् ओळ गिरवून. ओदाल्मिस, प्रांताचं परिपत्रकही लाव. बघू दे सगळ्यांना माझी शाळा."

ओदाल्मिसने नेरेइदांकडे पाहिलं. नेरेइदांनी तिच्याकडे पाहिलं. पण योएल्किस यंत्रापाशी बसला होता, आणि त्याचा हात कुणासाठी थांबत नाही. परिपत्रक लागलं. त्याच्यापुढे पाल्मेरो चक्क कवी वाटू लागले.

नेरेइदांनी पंखा मिटला आणि जेवायला किती वेळ आहे असं विचारलं.

जेवण झालं. भाजलेलं डुक्कर, काळ्या घेवड्याचा भात, वर लसणात परतलेला युकाचा कंद. पोटं भरल्यावर नेरेइदांनी उभ्या राहून निर्णय वाचून दाखवले. सान इलारिओची योजना तांत्रिकदृष्ट्या यशस्वी ठरली. टक्क्यांचा फळा काढून टाकावा, कारण त्यामुळे सहकाऱ्यांत वितुष्ट येतं. फळाच नाही म्हटल्यावर त्याच्या आधारे एखादी मालिका बंद करायला आधार उरत नाही, सबब 'अंपारो' चालू राहील.

टाळ्यांचा कडकडाट झाला. योएल्किसने शिट्टी मारली. ओदाल्मिसला वाटलं, आत्ता पळत जाऊन आईला सांगावं. टाळ्या चालूच होत्या तेवढ्यात नेरेइदांनी शेवटची ओळ वाचली. मजकूर दाबण्याचं काम पूर्ववत चालू ठेवावं; उलगडण्याचं काम मात्र त्यातून गैरअर्थ निघत असल्याने पुढील आदेशापर्यंत थांबवावं.

टाळ्यांत ते फक्त ओदाल्मिसने ऐकलं. ती गाडीपर्यंत त्यांच्या मागे धावली. "कॉम्रेड, उलगडायचं नाही तर वाचायचं कसं?"

"दाबलेलं वाचायला आजवर कुणी मागितलंय का?" नेरेइदा गाडीत बसता बसता म्हणाल्या.

"रोज साडेसातला—"

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरने कामही चोख केलेलं होतं. कोणती फंक्शनं चालू द्यायची नाहीत याची एक नोंद तिथे ठेवता येते. उलगडणारं फंक्शन आता त्यात जाऊन बसलं होतं. दाबणारं मोकळं. आपल्याकडे एखादी गोष्ट आत जाऊ द्यायला कुणाची कधी हरकत नसते.

त्या संध्याकाळी स्टुडिओतला पडदा कोरा राहिला. नटनट्या एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसल्या, आणि योएल्किसने नाइलाजाने आदल्या भागाचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. त्या भागाच्या शेवटी अंपारो पुराच्या नदीपाशी येते. पलीकडे तिच्या माणसाला पकडून नेत आहेत. खेचर पुढे जायला तयार नाही. ती चपला काढते आणि पाण्यात पाय टाकते. दुसऱ्या दिवशीही तिने पाण्यात पाय टाकला. तिसऱ्या दिवशीही.

"सडला असेल एव्हाना तो पाय," सोराइदा म्हणाली. "तिला म्हणावं, एकतर जा तरी, नाहीतर घरी ये. मी पाणी गरम करून ठेवते."

बाजारात ओदाल्मिसला तोंड दाखवणं अवघड झालं. रताळी विकणारी बाई तिला म्हणाली, "आमच्या अंपारोला तुम्ही नदीत उभं करून ठेवलंय ते कधी काढणार?" पाव द्यायला उभा असलेला माणूस म्हणाला, "नदी उतरली असेल आत्तापर्यंत, चालत जाता येईल तिला." गाव हसत होतं, पण साडेसातला उंबऱ्यावरचे रेडिओ अजून लागत होते, आणि पाय पाण्यात पडला की लोक खुर्च्या उचलून आपापल्या घरात जात होते. त्याचं ओदाल्मिसला जास्त वाईट वाटायचं.

योएल्किस मोटरसायकलला पेट्रोल मागून आणून डोंगरावर फिलिबेर्तोकडे गेला. येताना युकाचं पोतं घेऊन आला, भाग घेऊन नाही आला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, एकदा लिहिलेलं मी पुन्हा लिहीत नाही. म्हणाला, ते सगळं तुमच्याकडेच आहे, बसा उघडून. मी म्हटलं, मालक, उघडायला मनाई आहे. त्यावर हसला. इतका हसला की चष्मा पडला खाली, आणि मग एकदम रडायला लागला. मी युका घेतलं आणि आलो."

आता इथे एक गोष्ट ओदाल्मिसने कुणाला सांगितलेली नव्हती. सर्व्हरने बंद केलं होतं ते तयार फंक्शन. तिने स्वतः लिहिलेलं उलगडणं त्या बंदीत नव्हतंच. ते आहे हेच प्रांताला माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने ते गुपचूप चालवून पाहिलं होतं. पुढच्या भागाची पहिली ओळ काळी ठसठशीत पडद्यावर आली, आणि तिने घाबरून पान बंद केलं. यंत्राची अडचण नव्हती. आदेश होता, सिमेंटचं गोदाम होतं, आणि घरात तिच्या एकटीच्या पगारावर बसलेली आई होती. भीती वाटत होती, सरळ आहे. कुणालाही वाटली असती.

योएल्किस युका घेऊन आला त्या संध्याकाळी ती घरीच होती. अंपारोने पाण्यात पाय टाकला तशी सोराइदाने हात लांब करून रेडिओ बंद केला. असं तिने कधी केलं नव्हतं.

"उद्यापासून नको लावूस," ती म्हणाली. "पुढे जायचंच नाही तर मी का जाऊ नदीपर्यंत?" आणि तिने खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओदाल्मिस सरळ स्टुडिओत गेली, पडद्याचं यंत्र सुरू केलं आणि आपलं उलगडणं त्याला जोडलं. अक्षरं उमटू लागली. पान भरत आलं असेल नसेल, तोच मागे दार वाजलं. दारात पाल्मेरो उभे होते.

"काय चाललंय?"

"उलगडतेय," ओदाल्मिस म्हणाली. खोटं बोलायला वेळच नव्हता.

"मनाई आहे."

"माहितीये."

पाल्मेरो आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. ओदाल्मिसला गोदाम दिसू लागलं. पाल्मेरो पडद्याकडे पाठ करून उभे राहिले, मुद्दाम, जणू तिथे बघणं असभ्य होतं. घसा खाकरला. मग भिंतीकडे बघत विचारलं, "वाचते का?"

"कोण?"

"अगं, अंपारो. अधिकृत माहितीसाठी विचारतोय."

"कसली अधिकृत?"

पाल्मेरो हळूच नटांच्या एका खुर्चीवर टेकले, आणि एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले. "मी पहिल्या भागापासून ऐकतो," ते म्हणाले. "घरी कुणाला सांगत नाही. न्हाणीघरात छोटा रेडिओ आहे. बायकोला वाटतं मला पोटाचा त्रास आहे. ते बापाचं मरण झालं ना तिच्या, त्या दिवशी मी जेवलो नाही. आता रोज तो पाय, रोज तो पाय... मला झोप नाही गं."

ओदाल्मिस त्यांच्याकडे वळली. "मग बंद का करत होतात?"

पाल्मेरोंनी मान वर केली. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "टक्के कमी होते ना," ते म्हणाले.

तिला इतका संताप आला की त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांची कणवही आली.

"मला एकट्याला सांग," पाल्मेरो म्हणाले. "फक्त पुढचा भाग. मी बाहेर एक शब्द बोलणार नाही. आदेश मोडल्यासारखं पण होणार नाही."

"नाही," ओदाल्मिस म्हणाली. "साडेसातला सगळ्यांना कळेल. तुम्हालाही तेव्हाच. नाहीतर आत्ता प्रांताला फोन करा, मी इथेच बसलेय."

पाल्मेरोंनी फोनकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून कोपऱ्यात नेली आणि तिथे बसून राहिले. नटनट्या आल्या, पडद्यावर अक्षरं बघून एकीने तोंडावर हात ठेवला. योएल्किसने काचेपलीकडून अंगठा दाखवला. ओदाल्मिसने शेजारणीला फोन करून सांगितलं, आईची खुर्ची वळवा आणि रेडिओ लावा, भांडली तरी लावा.

साडेसात वाजत आले तसे पाल्मेरो उठून उभे राहिले. सवयच ती. हात मागे बांधले आणि सुरुवात केली, "कॉम्रेड्स, आजच्या या ऐतिहासिक प्रसंगी, आपण सर्वांनी, आपल्या सर्वांच्या—"

प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला.

"गप्प बसा हो," ओदाल्मिस कुजबुजली. "ती निघालीय."

पाल्मेरो गप्प बसले.